आधी खोली कामाजवळ, मोटार नंतर



नेर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. पत्राचा मथितार्थ असा : घरधन्याला चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी काम लागले आहे. हातात महिना अठरा हजार पडतील. घरात दोन मुले, दोघेही पाच ते बाराच्या आतले, आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले. बचत, शेळ्यांचे पैसे आणि थोडे दागिने मोडून एक लाख वीस हजारांची पुंजी जमली आहे. आता घरात एकच वाद चालला आहे. एका दलालाने नऊ वर्षांची जुनी चारचाकी दाखवली आहे, किंमत एक लाख ऐंशी हजार. ऐंशी हजार रोख द्यायचे, बाकीच्या लाखाचे खाजगी फायनान्सवाल्याकडून हप्ते. घरधनी म्हणतात, "गाडीत सामान टाकू, म्हातारीला बसवू आणि निघू. तिकडे कामालाही होईल, गावी येणेजाणेही होईल." ताई विचारतात, "पैसा थोडा, गाव परके, अशा वेळी मोटार घेणे शहाणपणाचे होईल का?"

हा प्रश्न एका घराचा नाही. नेर, दारव्हा, दिग्रस, बाभूळगाव, कुठल्याही वस्तीत जा, दर उन्हाळ्यात चारदोन बिऱ्हाडे पुण्या-नागपूरकडे, कोणी सुरत-हैदराबादकडे निघालेली दिसतात. कापूस-सोयाबीनच्या मजुरीवर वर्षाचे बारा महिने निघत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आज या प्रश्नाचा पैन् पै हिशेब मांडू.

ही नुसती हौस नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मोटारीची इच्छा धरणाऱ्या भावाला कोणी हसू नये. आपल्या समाजात वाहन ही नुसती सोय कधीच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत 1901 सालचा प्रसंग सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. मुले कोणत्या जातीची हे कळताच एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही या अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. पुढे 1929 साली, बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद असताना, चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा तेवढा भाड्याने मिळवला आणि सवय नसलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले.

ज्यांच्या आजा-पणजाला गाडीत बसू दिले नाही, त्यांच्या नातवाला स्वतःची गाडी दाराशी उभी असावीशी वाटली तर त्यात नवल काय? ती जुनी ठसठस आहे. तिचा मान ठेवूनच हिशेब करायचा आहे. पण हिशेब करायचाच आहे. फायनान्सवाल्याचा हप्ता आपल्या इतिहासाकडे पाहून एक रुपयाही कमी होत नाही.

किंमत वेगळी, खर्च वेगळा

10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटांची नॅनो लोकांपुढे आली तेव्हा "एक लाखाची मोटार" म्हणून देशभर गवगवा झाला. गरिबाला वाटले, आता आपलेही दिवस आले. 2018 नंतर ती गाडी तयार होणेही थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. आपल्यापुरता घ्यायचा धडा एवढाच की मोटारीची किंमत म्हणजे मोटारीचा खर्च नव्हे. म्हैस घेताना आपण आधी चाऱ्याचा विचार करतो. मोटारीला तर रोजचा चारा लागतो, आणि उभी असली तरी थोडा लागतोच.

आता कागद-पेन्सिल घ्या. लाखाचे कर्ज, तीन वर्षांची मुदत, व्याज वर्षाला सोळा टक्के धरू. महिन्याचा हप्ता येतो 3,516 रुपये. छत्तीस हप्त्यांत 1,26,565 रुपये जातात, म्हणजे साडेसव्वीस हजार नुसते व्याज.

विमा टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे निदान तिसऱ्या पक्षाचा विमा हवाच. नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार दंड आहे. हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीसाठी जून 2022 मध्ये ठरलेला दर 2,094 रुपये आहे. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की 2,471. महिन्याला 206 रुपये पडले.

टायर, बॅटरी, क्लच, ऑइल, पीयूसी यांसाठी जुन्या गाडीला महिन्याला हजार रुपये बाजूला काढावेच लागतील. गाडी उभी करायच्या जागेचे पाचशे धरू.

आता पेट्रोल. खोली स्वस्त मिळते म्हणून कामापासून अठरा किलोमीटर लांब घेतली असे समजा. जाऊन-येऊन छत्तीस. सव्वीस दिवसांचे 936 किलोमीटर. जुनी गाडी शहराच्या गर्दीत लिटरला अठरा देते असे मानले तर 52 लिटर लागतात. लिटरला 105 रुपये धरून 5,460 रुपये झाले.

सगळी बेरीज करा : 3,516 अधिक 206 अधिक 1,000 अधिक 500 अधिक 5,460. एकूण 10,682 रुपये. पगार अठरा हजार. उरले 7,318. त्यातून लांबच्या खोलीचे भाडे चार हजार गेले की उरतात 3,318. एवढ्यात पाच माणसांचा किराणा, दूध, गॅस, वीज, मुलांच्या वह्या, सासूबाईंच्या गोळ्या. ताई, हे बसवून दाखवणारा अजून जन्मायचा आहे.

भाडे आणि पेट्रोलचा भाव ठिकाणाप्रमाणे, दिवसाप्रमाणे बदलतो. माझे आकडे खोडून तुमचे घाला. उत्तर थोडे इकडे-तिकडे होईल, पण उलटे होणार नाही.

मग कामावर जायचे कसे?

तीन वाटा आहेत. पहिली बसची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पीएमपीएमएलचे भाडे 1 जून 2025 पासून वाढले. पहिल्या पाच किलोमीटरला आता दहा रुपये पडतात. अठरा किलोमीटरला चाळीस धरले तर रोजचे ऐंशी, महिन्याचे 2,080. पास काढल्यास त्यातही बचत होऊ शकते. कारखान्याची बस असेल तर आणखी बरे. मात्र ती कंत्राटी कामगाराला लागू आहे का, कोणत्या चौकातून सुटते आणि रात्रपाळीला मिळते का, हे कामाला लागण्याआधी ठेकेदाराला विचारून घ्यावे.

दुसरी वाट जुन्या मोटारसायकलची. तेच 936 किलोमीटर, लिटरला पन्नास धरले तर पावणेएकोणीस लिटर, म्हणजे 1,966 रुपये. विम्याचे सत्तर आणि देखभालीचे तीनशे मिळवले तर 2,336. चारचाकीच्या खर्चाचा हा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. दोघांनीही हेल्मेट घालावे. मुले, सामान आणि बायको अशी चार-पाच जणांची वरात दुचाकीवर काढू नये.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे खोलीच कामाजवळ घ्यायची. समजा, लांबची खोली चार हजारांना आणि कारखान्याजवळची सात हजारांना मिळते. लोक म्हणतात, "तीन हजार जास्त कशाला द्यायचे?" पण लांबची खोली आणि मोटारसायकल मिळून 6,336 होतात. लांबची खोली आणि बस मिळून 6,080. जवळची खोली आणि पायी किंवा सायकलवर जाणे, 7,000. फरक सात-नऊशेचा. त्याच्या बदल्यात रोजचे दीड-दोन तास वाचतात. पावसात भिजणे, ट्रकच्या गर्दीतून अंधारात घरी येणे वाचते. आणि लांबची खोली अधिक मोटार? ते 14,682 होतात.

स्वस्त खोली लांब घेतली की महाग वाहन आपोआप मागे लागते. म्हणून मोटारीचा प्रश्न मुळात मोटारीचा नसतो, तो घर आणि काम यांच्यातल्या अंतराचा असतो. ते अंतर कमी करण्यावर पैसा घाला.

आणखी एक गोष्ट खास भगिनींसाठी. कामाला नेलेली मोटार सकाळी घरधन्याबरोबर जाते आणि दिवसभर कारखान्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहते. दुपारी मुलाला ताप आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे झाले, तर ती तुमच्या काय कामाची? हप्ता मात्र सगळ्या घराच्या तोंडचा घास कापून जातो. उलट खोली कामाच्या, शाळेच्या आणि बाजाराच्या जवळ असेल तर तुम्हालाही चार तासांचे काम धरता येते. दुसरा पगार घरात येण्याची वाट मोटारीतून जात नाही, जवळच्या खोलीतून जाते.

खोली मिळवणे सोपे नाही, म्हणून आधी तेच

"जवळची खोली आम्हाला देतो कोण?" असे कोणी म्हणेल. हा प्रश्न खरा आहे. 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले. पद होते, पगार होता, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले तर लोक लाठ्या घेऊन आले आणि जागा सोडावी लागली. शेवटी त्यांना बडोदाच सोडावे लागले. नोकरी होती, पण छप्पर नव्हते म्हणून गेली.

ही जुनी कहाणी समजू नका. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला. एकाच घरासाठी वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या नावांनी विचारणा केली, तेव्हा दलित आणि मुस्लिम भाडेकरूंच्या वाट्याला नकार आणि जाचक अटी जास्त आल्याचे त्यांना आढळले. आडनाव विचारून "खोली कालच गेली" म्हणणारे घरमालक आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहेत.

म्हणूनच सांगतो, सगळे बिऱ्हाड गाडीत भरून परक्या शहरात उतरू नका. आधी एकट्या भावाने जावे. महिना-दोन महिने चार कामगारांच्या खोलीत किंवा नातेवाइकाकडे काढावेत. आठवड्याच्या सुट्टीला पायी हिंडून खोली पाहावी. रविवारी बुद्धविहारात जावे, यवतमाळ-अमरावतीकडचे कोण कुठे राहतात ते विचारावे. खोल्यांची खरी माहिती तिथेच मिळते. काम टिकते आहे, ठेकेदार पगार वेळेवर देतो आहे, हे पाहावे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मग घर हलवावे.

पुंजीची वाटणी

आता त्या एक लाख वीस हजारांकडे वळू. खोलीची अनामत वीस हजार धरा. सामान आणि प्रवासाचे वीस हजार. शाळा, गणवेश, पुस्तकांचे आठ हजार. आणि तीन महिन्यांची शिदोरी : भाडे सात हजार अधिक घरखर्च दहा हजार, म्हणजे सतरा हजारांच्या तिपटीने 51,000. एकूण 99,000 झाले. उरले एकवीस हजार. त्यात एखादी सायकल घ्या, नीट पारखून जुनी दुचाकी घ्या, नाहीतर बँकेत राहू द्या.

मोटार घेतली तर काय होते? ऐंशी हजार पहिल्याच दिवशी गेले. उरले चाळीस. अनामत वीस, सामान-प्रवास वीस. पिशवी रिकामी! कंत्राटी काम आहे. ठेकेदाराने दुसऱ्याच महिन्यात "उद्यापासून येऊ नका" म्हटले तर? पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. दोन-तीन हप्ते थकले की फायनान्सवाला गाडी ओढून नेतो, पडत्या भावात विकतो आणि कमी पडलेल्या रकमेसाठी पुन्हा तुमच्या दारात येतो. कर्जाच्या कागदावर तुमचीही सही घेतलेली असते. म्हणून ताई, सही करण्याआधी प्रत्येक पान वाचून घ्या, आणि कळले नाही तर सही करू नका.

सामान आणि माणसे

"घर हलवायला गाडी लागेलच" हाही एक भ्रम आहे. छोट्या चारचाकीत पाच माणसे बसली की मागे दोन गाठोडी मावतात. कपाट, पलंग, कोठी, गॅसची शेगडी यांसाठी टेम्पो करावाच लागतो. तेव्हा जड सामान गावीच विका किंवा भावाकडे ठेवा. भांडी, अंथरुण-पांघरुण, शिलाई मशीन, मुलांची पुस्तके एवढे न्या. पुण्याकडे रिकामा परतणारा ट्रक मिळाला तर भाडे बरेच कमी पडते. दोन बिऱ्हाडांनी मिळून एक गाडी केली तर आणखी बरे. मात्र कागदांची पिशवी टेम्पोत टाकू नका, ती हातात ठेवा. शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, 1950 पूर्वीचे महसुली वा शाळेचे पुरावे हरवले तर मुलांच्या जातपडताळणीच्या वेळी जन्माचा घोर लागतो.

नेरला रेल्वे नाही. दारव्ह्यावरून यवतमाळ-मुर्तिजापूर धावणारी शकुंतला होती, तीही आता बंद आहे. पण यवतमाळ-अमरावती रस्ता गावातूनच जातो आणि एसटी आहे. एसटीने बडनेरा गाठले की पुण्याला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिळते. आधी आरक्षण केले तर पाच जणांचा शयनयानातला प्रवास दोन-अडीच हजारांत होतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला आडवे होता येते. आरक्षण करताना खालचा बर्थ मागावा.

गावी येणेजाणे

इथे मोटारीच्या बाजूने जे खरे आहे ते सांगितलेच पाहिजे. नेर ते पुणे सुमारे सहाशे किलोमीटर. जाऊन-येऊन बाराशे. लिटरला अठरा धरून 67 लिटर, म्हणजे सात हजारांचे पेट्रोल, वर टोल. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीने तेवढ्याच अंतराला माणशी हजाराच्या आसपास पडतात. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, पंचाहत्तरीपुढे मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. म्हणजे एक पूर्ण आणि चार अर्धी तिकिटे, एकेरी तीन हजार, जाऊन-येऊन सहा. गाडी भरलेली असेल तर पेट्रोल आणि एसटी यांत फार अंतर राहत नाही. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाल्यापासून तर मोटारीचा मोह आणखी वाढला आहे. त्या रस्त्यावर किलोमीटरमागे टोल आहे आणि दुचाकीला बंदी आहे, हे ध्यानात असू द्या.

पण गावी जातो कितीदा? दिवाळीला एकदा, लग्नकार्याला एकदा. वर्षातून दोन वेळच्या प्रवासासाठी उरलेले साडेतीनशे दिवस मोटार पोसायची का? अगदीच गरज पडली तर चार घरांनी मिळून त्या दिवसांपुरती जीप भाड्याने करावी. नागपूरला दीक्षाभूमीवर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले लाखो लोक एसटी-रेल्वेनेच जातात. त्यांची श्रद्धा कोणी गाडीच्या नंबरावरून मोजत नाही.

सासूबाईंचा प्रश्न राहिला. महिन्यात चार वेळा दवाखान्याला रिक्षा केली तरी खर्च हजाराच्या पलीकडे सहसा जात नाही. तातडीच्या वेळी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून मोफत मिळते. जिना नसलेली खोली मिळाली तर त्यांच्या गुडघ्यांना मोटारीपेक्षा जास्त आराम पडेल.

"गाडी भाड्याने चालवीन"

पुष्कळ भाऊ म्हणतात, "सुट्टीच्या दिवशी चार प्रवासी बसवले की हप्ता निघेल." सावध राहा. पांढऱ्या नंबरपट्टीची खाजगी मोटार पैसे घेऊन प्रवाशांसाठी चालवणे बेकायदा आहे. पकडले तर दंड आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा धोका त्याहून मोठा. प्रवासी वाहतूक हाच धंदा करायचा असेल तर परवाना, पिवळी पट्टी आणि त्या वापराचा विमा असे सगळे रीतसर करावे. तो मग धंद्याचा हिशेब झाला, संसाराचा नव्हे.

मोटार कोणी ठेवावी?

मोटार घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेत कित्येक गावांत बसच नसते, तिथे गरिबालाही जुनी मोटार ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडेही काही घरांची तशीच अडचण असते. घरात अपंग व्यक्ती आहे किंवा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. कामाची पाळी अशी आहे की बस नाही आणि पावसाळ्यात दुचाकीचा रस्ता जीवघेणा आहे. नाहीतर परवान्यासह तोच पोटाचा धंदा आहे. अशांनी जरूर विचार करावा. पण त्यांनीही एक कसोटी लावावी : गाडीचे पैसे देऊन झाल्यावर तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा बँकेत शिल्लक राहतो का? राहत नसेल तर गाडी अजून आपली झालेली नाही.

ज्यांच्याकडे आधीच कर्जमुक्त, चालू गाडी आहे त्यांनी विकायची घाई करू नये, पण शहरात जाऊन महिनाभर हिशेब लिहावा. एमएच-29 ची गाडी पिंपरी-चिंचवडला एमएच-14 मध्ये किंवा पुण्याला एमएच-12 मध्ये नेली म्हणून नंबर बदलावा लागत नाही. पत्ता बदलल्याचे मात्र तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथले ना-हरकत पत्र, तिथली नोंदणी आणि तिथला कर असे सगळे सोपस्कार येतात. सुरत-हैदराबादकडे जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

विकायचीच असेल तर टीटी फॉर्मवर सही करून "पुढचे तुम्ही बघा" म्हणून मोकळे होऊ नका. 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. गाडी विकून सहा महिने झाले, नाव तुमचेच राहिले आणि कोणी त्या गाडीने माणूस उडवला, तर नोटीस तुमच्या घरी येते. घेणाऱ्याच्या नावावर गाडी झालेली डोळ्यांनी पाहा, मगच व्यवहार संपला समजा. घेणाऱ्यानेही तेच करावे. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपट्टी लागली आहे का, आणि पंधरा वर्षे भरायला किती उरली, हे पाहावे. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्कच एप्रिल 2022 पासून निदान पाच हजार झाले आहे, वर पर्यावरण कर वेगळा.

गाव सोडणाऱ्या प्रत्येक घरासाठी

तेव्हा ताई, तुमच्या घरापुरते उत्तर सरळ आहे : ही मोटार आता घेऊ नका. भाऊंना पुढे पाठवा, काम पारखू द्या, कामाजवळ तळमजल्याची खोली शोधू द्या. दलालाला दिलेला विसार असेल तर तो परत मागा. नाही मिळाला तरी त्या थोड्या पैशांपायी ऐंशी हजार घालवू नका.

आणि जे कोणी येत्या उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवणार आहेत त्यांनी क्रम पाठ करावा. पहिले काम, दुसरी कामाजवळची खोली, तिसरी मुलांची शाळा, चौथी तीन महिन्यांची शिदोरी. या चारही गोष्टी हातात आल्या आणि वर्षभर टिकल्या की मग घरातल्या सगळ्यांनी, म्हातारीसुद्धा, एकत्र बसून वाहनाचे बोलावे. हिशेबाची वही मुलांपुढे उघडी ठेवावी. त्यांनाही बेरीज-वजाबाकी घरातूनच शिकू द्यावी. दर महिन्याला हप्ता भरतो आहोत असे समजून 3,516 रुपये मुलांच्या नावे पोस्टात टाकत गेलात, तर तीन वर्षांनी व्याज सोडूनच सव्वा लाखाच्या वर जमतील. त्या पैशांतून मुलीच्या नर्सिंगची फी भरायची, मुलाला आयटीआयला घालायचे की खरोखरच दाराशी गाडी उभी करायची, हे तेव्हा तुम्ही ठरवाल. फायनान्सवाला ठरवणार नाही.

जयभीम!